तलवारीचे पाणी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पुण्याचा पुतण्या अकोल्याला आमच्याकडे आला होता. वय सोळा. अभ्यंगस्नान आणि फराळ आटोपला की तो लॅपटॉप उघडून बसे. 'स्कायरिम' नावाचा खेळ तो खेळत होता. बर्फाळ डोंगर, पडके किल्ले, थडगी आणि त्यांत दडवलेली शस्त्रे. एकदा त्याने मला मुद्दाम बोलावले. पडद्यावर एक तलवार होती आणि तिच्या पात्यातून उजेड पाझरत होता. "काका, ही मंतरलेली आहे," तो म्हणाला. प्रत्येक वारासरशी शत्रू पेटतो. पण ती शक्ती वापरून वापरून संपते. मग ज्यात कुणाचा तरी जीव कोंडला आहे असा खडा वापरून ती पुन्हा भरावी लागते. हे सगळे त्याने मला नीट समजावून सांगितले आणि मग विचारले, "काका, आपल्या भवानी तलवारीला कोणती पॉवर होती?"

गेली तीस वर्षे मी वऱ्हाडातली गावे, गढ्या आणि जुने कागद पाहत फिरतो आहे. त्यामुळे उत्तर जिभेवर तयार होते. तलवारीत पॉवर नसते, ती उचलणाऱ्याच्या मनगटात असते, वगैरे. ते मी दिलेही. त्याने मान डोलावली आणि पुन्हा खेळात गेला. मला मात्र ते उत्तर पुरेना. मनगटच सगळे असते तर माणसांनी तलवारींना नावे का दिली? खंडेनवमीला त्यांच्यापुढे हात का जोडले? आणि आमच्या स्वतःच्या घरात जुन्या धोतरात गुंडाळलेली एक तलवार होती, तिच्याबद्दल आम्ही चार पिढ्या एवढ्या अभिमानाने का बोलत आलो? त्या प्रश्नामागे गेलो आणि वर्षभरात जे हाती लागले, ते इथे मांडतो.

आधी खेळातल्या तलवारीकडे पाहू. तिचे कुळ जुने आहे. उत्तर युरोपातल्या गाथांमध्ये 'टिर्फिंग' नावाची तलवार आहे. ठेंगू कारागिरांनी ती धाकापोटी घडवली आणि घडवताना शाप दिला, की ती उपसली की एक जीव घेतल्याशिवाय राहणार नाही. टॉल्कीनच्या १९३७ सालच्या 'द हॉबिट'मध्ये शत्रू जवळ आला की चमकणारे पाते आहे. मायकेल मूरकॉक या इंग्रज लेखकाने १९६१ पासून लिहिलेल्या कथांत 'स्टॉर्मब्रिंगर' ही तलवार मारलेल्याचा आत्मा पिते आणि ते बळ धन्याला देते. पुढे १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा घरात बसून फाशांवर खेळायचा खेळ काढला. त्यात मंतरलेल्या तलवारीला आकडा मिळाला. साधी तलवार, अधिक एक, अधिक दोन, अधिक तीन. संगणकावरच्या खेळांनी तो हिशेब उचलला आणि शक्ती मोजता येऊ लागली.

या हिशेबात एक गोष्ट ठळक आहे. बहुतेक वेळा शक्ती त्या वस्तूत असते आणि जो उचलेल त्याची होते. थडग्यातून काढा, चोरा, विकत घ्या, मेलेल्याच्या हातून घ्या. आकडा बदलत नाही. अपवाद आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने २०२० मध्ये 'राजी' नावाचा खेळ काढला. त्यातली मुलगी पळवून नेलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघते आणि तिला आयुधे मिळतात ती देवांकडून. तिथे कुणीतरी देणारा आहे आणि देण्यामागे कारण आहे. पुतण्याने तोही खेळ खेळला होता. त्याच्या मते त्यात मजा होती, पण 'लूट' कमी होती. खेळाच्या भाषेत सापडलेल्या मालाला लूटच म्हणतात, हे मला त्या दिवशी कळले.

आपल्याकडे तलवारीच्या जन्माची जी कथा आहे, तिच्यात शक्तीचे वर्णन थोडे आणि वारसांची यादी लांब आहे. महाभारताच्या शांतिपर्वात नकुल भीष्मांना विचारतो, की खड्ग आले कुठून? शरपंजरी पडलेले भीष्म सांगतात, की ब्रह्मदेवाच्या यज्ञातून एक उग्र आकृती निघाली आणि तिनेच खड्गाचे रूप घेतले. ब्रह्मदेवाने ते रुद्राला दिले. रुद्राने दानवांचा संहार करून ते विष्णूला दिले. तिथून ऋषी, इंद्र, लोकपाल आणि मग मनू. मनूच्या हाती देताना बजावून सांगितले गेले, की मर्यादा ओलांडणाऱ्याला शासन करायचे, पण ते अपराधाच्या मापानेच, क्षुल्लक कारणासाठी नाही. पुढे इक्ष्वाकू, पुरूरवा, नहुष, ययाती अशी नावे येत राहतात आणि शेवटी द्रोण, कृप, पांडव. खड्गाला आठ नावे आहेत. त्यातले एक 'विशसन', म्हणजे कापणारे, आणि एक 'धर्मपाल'.

ही यादी मी पूर्वी कंटाळून ओलांडत असे. या वेळी ती वाचताना थबकलो. कुणी कुणाला दिले, कोणत्या अटीवर दिले आणि शेवटच्या माणसापर्यंत ते कसे पोचले, हेच त्या कथेला सांगायचे आहे. संग्रहालयवाले हाच प्रश्न प्रत्येक वस्तूला विचारतात. आमच्या बाजारातला जुना सोनारही विचारतो, "कोणाचा माल हाय?"

आता पात्याकडे येतो, कारण लोखंडातही एक जादू होतीच. मराठीत तलवारीला 'पाणी' देतात किंवा पाजतात. तापवलेले पाते विझवून त्याला कडकपणा आणण्याचे ते काम. त्यावरूनच आपण माणसालाही पाणीदार म्हणतो. दख्खनमध्ये लोखंड आणि कोळसा मातीच्या मुशीत बंद करून दीर्घकाळ तापवून, सावकाश निवू देऊन उच्च कार्बनाचे पोलाद काढत. आजच्या तेलंगणातल्या निझामाबाद जिल्ह्यातले कोनसमुद्रम हे त्याचे एक नामांकित केंद्र होते आणि तिथला माल न्यायला इराणचे व्यापारी येत. या पोलादाच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते. फारसीत तिला 'जौहर' म्हणतात. मायकेल फॅरेडेनेही तरुणपणी या पोलादावर प्रयोग केले होते. २००६ मध्ये ड्रेस्डेनच्या संशोधकांनी दमास्कसच्या अशाच एका पात्यात कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या सापडल्याचे प्रसिद्ध केले. अशी तलवार ज्याने पहिल्यांदा हातात धरली असेल, त्याला ती मंतरलेली वाटली तर नवल नाही.

पण गंमत अशी, की मराठ्यांची आवडती तलवार या दख्खनी पोलादाचीच असे असे नाही. ती अनेकदा 'फिरंग' असे. पाते युरोपातून आलेले, सरळ आणि लांब; मूठ इथली. पोर्तुगीज आणि इतर व्यापारी जहाजांतून ही पाती किनाऱ्यावर येत. जिनोआच्या पात्यांवर कोयत्यासारख्या दोन कमानी आणि त्यांच्या कडेला बारीक दाते अशी खूण असे. तिला एवढा मान होता की इथले कारागीरही आपल्या पात्यांवर तीच खूण ठोकू लागले.

भवानी तलवारीची कथा इथे येते. सभासदाने १६९७ मध्ये जिंजीत लिहिलेल्या बखरीत अफजलखानाच्या प्रसंगी श्रीभवानी महाराजांना दर्शन देऊन यशाचा कौल देते. देवी महाराजांच्या हातात तलवार ठेवते आहे हे कॅलेंडरावरचे चित्र आपल्या डोळ्यांत ठसले ते नंतर. दुसरी एक परंपरा सांगते, की ही तलवार कोकणातल्या सावंतांकडची आणि महाराजांनी ती ३०० होन मोबदला देऊन घेतली. साताऱ्यात रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात लिहिले, की भवानी हे जिनोआचे उत्तम पाते आहे आणि साताऱ्यात तिची देवतेसारखी पूजा होते. साताऱ्यात आज पूजेत असलेल्या तलवारीवर शाहूंच्या नावाचा लेख आहे. कोल्हापूरच्या घराण्यातली 'जगदंबा' तलवार तर १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला भेट म्हणून गेली. ती देणारे चौथे शिवाजी महाराज तेव्हा बारा वर्षांचे होते. बारा वर्षांच्या राजाने साम्राज्याच्या युवराजाला दिलेल्या भेटीला भेट म्हणायचे का, हे ज्याने त्याने ठरवावे. ती आजही ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. १९८० नंतर मुख्यमंत्री अंतुले यांनी भवानी तलवार लंडनहून आणण्याची घोषणा केली तेव्हा मी शाळेत होतो. वर्गात आम्ही लाकडी पट्ट्यांनी तीच तलवार खेळत होतो.

देवीने दिली आणि ३०० होनांना घेतली, या दोन कथा एकमेकींना खोडतात असे मला पूर्वी वाटे. आता तसे वाटत नाही. दोन्ही एकच सांगतात. ती कुणीतरी दिली होती, तिचे मोल चुकवले होते, ती लुटलेली नव्हती. मराठी मनाला ही गोष्ट एवढी महत्त्वाची वाटली की तिच्यासाठी दोन-दोन कथा जपल्या गेल्या.

२०२५ मध्ये वऱ्हाडाच्या अगदी जवळची एक तलवार परत आली. नागपूरकर पहिले रघुजी भोसले, छत्रपती शाहूंचे सेनासाहेबसुभा. कर्नाटकात त्रिचनापल्लीपर्यंत आणि पूर्वेला बंगालपर्यंत गेलेला हा सेनानी. त्यांच्या नावाची तलवार २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनमध्ये सदबीजच्या लिलावात निघाली. राज्य सरकारने ४७.१५ लाख रुपये खर्चून ती मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. पाते युरोपीय, मूठ मुल्हेरी घाटाची आणि पात्याच्या पाठीवर सोन्यात देवनागरी लेख: 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग'. परदेशी पाते असल्याचे लपवलेले नाही, उलट मिरवले आहे. मधला दुवा तेवढा तुटलेला आहे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांनी नागपूरकरांचा खजिना लुटला. १८५४ मध्ये राज्यच खालसा झाले. यातल्या कोणत्या तरी वाटेने ती गेली असावी, असा जाणकारांचा अंदाज आहे. ज्या मुलुखाच्या महसुलावर रघुजींची फौज उभी राहिली त्यात आमचा वऱ्हाडही होता. म्हणून तिचा फोटो वर्तमानपत्रात आला तेव्हा अकोल्यातल्या आमच्या घरातही तो कापून ठेवला गेला.

आता आमच्या घरातल्या तलवारीविषयी सांगतो.

मूळ गाव तेल्हारा तालुक्यातले. तिथून जवळच अडगाव. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावच्या मैदानात दुसऱ्या रघुजींचे भाऊ मन्याबापू आणि आर्थर वेलस्ली यांची गाठ पडली. सुरुवातीला भोसल्यांच्या तोफांपुढे इंग्रजांच्या पलटणी फुटल्या होत्या. वेलस्लीने स्वतः त्या सावरल्या आणि संध्याकाळपर्यंत लढाईचे पारडे फिरले. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ डिसेंबरला देवगावचा तह होऊन वर्धेच्या पश्चिमेचा बहुतेक वऱ्हाड निजामाच्या पदरात गेला. गाविलगड, नरनाळा आणि त्यांच्या लगतचे काही परगणे तेवढे भोसल्यांकडे राहिले. आमच्या घरात सांगत, की आपला पूर्वज या अडगावच्या लढाईत होता आणि ही तलवार त्याची. खंडेनवमीला ती पाटावर मांडली जाई, झेंडूची माळ घातली जाई. लहानपणी मी एकदा तिच्यावरून उडी मारली तेव्हा आजी कडाडली होती, "ते देवीची तलवार हाय, तिले पाय नोको लावू."

पुतण्याच्या प्रश्नानंतर मी ती नीट उघडून पाहिली. गंज हलकेच काढल्यावर पात्यावर दोन कमानी आणि दाते दिसले. काळीज धडधडले. जिनोआ! एका शस्त्रे जाणणाऱ्या माणसाला दाखवली. त्यांनी भिंगातून पाहिले आणि सांगितले, की खूण इथल्याच कारागिराने ठोकलेली दिसते, पाते इथलेच, काळ अठराव्या शतकाच्या अखेरीचा असू शकेल. म्हणजे तेव्हाही लोक नाव पाहून माल घेत. मला वाईट वाटले नाही. अडगावशी काळ जुळत होता आणि मी त्यावर लेख लिहिण्याच्या तयारीला लागलो.

लेखासाठी आजोबांच्या वह्या काढल्या. त्यांचे गावात किराण्याचे छोटे दुकान होते आणि अडीनडीला ते वस्तू ठेवून घेऊन पैसे देत. १९३१ ची वही. जागतिक मंदीत कापसाचा भाव कोसळलेला ते दिवस. वऱ्हाडाचे सगळे घर कापसावर चाललेले, त्यामुळे त्या एका वर्षात वहीची पाने भरून वाहत होती. पितळेचा हंडा, चांदीचे गोठ, बैलांच्या घुंगुरमाळा. आणि एका ओळीत: 'तलवार जुनी नग एक, गहाण, रुपये अकरा.' पुढे शेजारच्या गावच्या माणसाचे नाव. हंड्यापुढे आणि गोठांपुढे 'सोडविले' असा शेरा आहे. तलवारीपुढची जागा कोरी आहे.

ती वही मी दोन महिने कुणाला दाखवली नाही. संशोधक म्हणवणाऱ्या माणसाने हे कबूल करणे अवघड आहे, पण तसे झाले. अंदाज काढता येत होते. दुसरी एखादी तलवार असेल. नंतर सोडवली असेल, लिहायचे राहिले असेल. दुसऱ्यांच्या लेखात असला अंदाज दिसला की मी पेन्सिलीने समासात प्रश्नचिन्ह काढतो.

शेवटी त्या शेजारच्या गावी गेलो. त्या माणसाचा नातू आता सत्तरीचा आहे. मी तलवारीचे काही बोललो नाही. जुन्या लढाईची माहिती गोळा करतो आहे एवढेच सांगितले. चहा झाला. मग तोच म्हणाला, "आमच्या घरी अडगावच्या लढाईतली तलवार व्हती, असं आमचा बुढा सांगे. मंग ते कोठी गेली, मालूम नाई."

म्हणजे आमच्या घरात तलवार आली तेव्हा तिच्याबरोबर तिची कथाही आली होती. अकरा रुपयांत आम्ही पाते ठेवून घेतले आणि पूर्वजही. आजोबांनी खोटे सांगितले असे मला वाटत नाही. गहाण ठेवणाऱ्याने वस्तूची थोरवी सांगितली असेल, ती आजोबांनी घरात सांगितली असेल, आजीने देवीशी जोडली असेल. 'ही अडगावची तलवार' या वाक्यात 'आपल्या पूर्वजाची' हे दोन शब्द केव्हा शिरले, ते कुणाच्या लक्षातही आले नसेल.

पुतण्याला हे सगळे फोनवर सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे आपल्याला ती लूट म्हणून मिळाली होती." मी म्हटले, लूट नाही, गहाण. कायद्याच्या भाषेत फरक मोठा आहे. पण वहीतली ती कोरी जागा पाहिली की तो फरक मला फार मोठा वाटत नाही. नागपूरची तलवार लंडनला कशी गेली हे आपण तावातावाने विचारतो. ते विचारायलाच हवे. मात्र तोच प्रश्न आपल्या माळ्यावरच्या वस्तूला विचारायला मला पन्नाशी उलटावी लागली.

भवानी तलवारीला कोणती पॉवर होती, याचे माझे आताचे उत्तर वेगळे आहे. ती कुणाकडून, कशी आणि कशासाठी आली हे लोकांना ठाऊक होते, किंवा आपल्याला ठाऊक आहे असा त्यांचा भरवसा होता. त्या भरवशावर माणसे तिच्या मागे उभी राहिली. खेळातली तलवार रिकामी झाली की खड्याने भरता येते. खऱ्या तलवारीचा मधला दुवा निखळला की तिथे आपण हौसेने कथा भरतो, आणि अनेकदा ती कथा दुसऱ्या कुणाची तरी असते.

घरात यावर एकमत झालेले नाही. मोठ्या भावाचे म्हणणे, की नव्वद वर्षे आपण तिची पूजा केली, आता ती आपलीच. त्याच्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. आजीची झेंडूची माळही त्या तलवारीच्या इतिहासाचा भाग आहे. तूर्त एवढे ठरले, की या खंडेनवमीला त्या सत्तरीच्या गृहस्थांना सहकुटुंब गावच्या घरी बोलवायचे, पाट मांडायचा, वही समोर ठेवायची आणि पूजा त्यांच्या हातून करायची. पुढचे त्यांच्यासमोर ठरेल. पुतण्याही पुण्याहून येणार आहे. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा ती पूजा होऊन गेलेली असेल.